बारा मागांचे तीन वाटे

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीचे तीन वाटे केल्याशिवाय तिच्याबद्दल मत म्हणून दिलं नाही. सत्तरच्या दशकात ते वाशिमच्या एका सरकारी कचेरीत आकडे गोळा करायच्या कामावर होते. कुठल्या गावात किती विहिरी, किती शिलाई मशिनी, किती तेलघाणे. माणूस नाकासमोर चालणारा. पण एकदा त्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. लोक नागपूरहून संत्री आणतात, भाऊजी 'शिफ्ट-शेअर' नावाचं गणित घेऊन आले. त्यानंतर त्यांना आवरणं ताईलाही जमलं नाही.

गणित तसं सोपं. एखाद्या गावातला धंदा वाढला किंवा बसला, तर सगळं श्रेय किंवा सगळा दोष त्या गावाच्या माथी मारायचा नाही. आधी बघायचं, साऱ्या राज्यातच कामधंदा किती वाढला. तो पहिला वाटा. मग बघायचं, तो विशिष्ट धंदा राज्यभर इतरांच्या मानानं पुढे गेला की मागे पडला. तो दुसरा. हे दोन्ही बाजूला काढून जे उरेल ते गावाचं स्वतःचं. "वाऱ्यानं ढकललं किती अन् आपल्या पायानं चाललो किती, हे येगळं करा लागते," असं भाऊजी म्हणत, आणि हे येगळं करण्याची जागा व वेळ त्यांना कधीच कळली नाही.

बाजारात वांगी महागली, तर भाऊजी टोपलीसमोर उकिडवे बसत. "साऱ्या देशात भाव वाढला, तो सोडा. भाजीपाला त्याहून जास्त वाढला, तोही सोडा. पण तुमच्या वांग्याचा वरचा भाव कायचा?" वांगेवाली त्यांना पुरून उरली. म्हणाली, "तो माह्या मानेचा हाये, बापू. चार कोस टोपलं डोक्यावर आणलं." भाऊजींनी एवढं समाधानकारक उत्तर कचेरीत कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दुप्पट वांगी घेतली. घरी ताईनं त्या खरेदीत मूर्खपणाचा वाटा किती, तेवढंच विचारलं.

मी मॅट्रिकला गणितात आपटलो, तेव्हा वडिलांनी पायातली वहाण हातात घेतली होती. भाऊजी मध्ये पडले. "यंदा साऱ्यांचाच निकाल खाली आला. त्यात गणिताची तर धूळधाण. हे दोन वजा करा, पोरगा पाच मार्कानं पुढं हाये!" वडील गोंधळले. "मंग पास काहून नाही झाला?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तो येगळा प्रश्न हाये." तोवर मी मागच्या दारानं निसटलो होतो. त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त झालो.

आणि अशा माणसाच्या हातून नेमकी चूक झाली. केनवडला विणकरांची एक सोसायटी होती. बौद्ध कुटुंबं होती ती, पंचे आणि सतरंज्या विणत. सरकारनं दिलेल्या शेडमध्ये बारा हातमाग होते. भाऊजी मोजणीला गेले तेव्हा नऊच चालू होते. फॉर्मात रकाना एकच होता, त्यात त्यांनी लिहिलं : घट तीन. वांग्याचे तीन वाटे करणाऱ्या माणसानं माणसांच्या पोटाचा मात्र एकच आकडा लिहिला. महिन्याभरात अकोल्याहून, तेव्हा आमचा जिल्हा अकोलाच होता, हुकूम आला. सोसायटी उतरणीला लागली आहे, शेड खाली करा.

भाऊजींनी ते वाचलं आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन केनवडला गेले. मी नापास असल्यामुळे मोकळाच होतो. सोसायटीच्या प्रमुख शेवंताबाई दारातच उभ्या होत्या. जयभीम झाला. मग त्या म्हणाल्या, "साहेब, आकडा तुमीच नेला. आता आमी नऊ घरांनी कुठं जावं?"

"चूक माही हाये," भाऊजी म्हणाले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी सुताच्या बारा कांड्या मागवल्या, ओळीत मांडल्या. "राज्यात कामधंदा वाढला. त्या चालीनं बाराचे तेरा." एक कांडी वाढवली. "पण हातमाग सगळीकडंच बसून राह्यले. त्यापायी सात गेले." सात उचलल्या. "उरले सहा. तुमचे चालू किती?"

"नऊ."

"मंग हे वरचे तीन कुठून आले?" त्यांनी तीन कांड्या परत ओळीत ठेवल्या. भाऊजी म्हणाले, "हे तीन गावाचे. पण ते कायचे, हे माह्या गणिताले सांगता येत नाही."

"त्यात काय सांगाचं?" शेवंताबाई म्हणाल्या. "कोणी बिमार पडलं, कोणी बाळंत झालं, का त्याच्या मागावर बाकीचे पाळीनं बसतात. माग थंडा पडू द्याचा नाही. कापड त्याच्याच नावानं जाते."

भाऊजींनी वही मिटली. मग चष्मा पुसला.

अकोल्याच्या साहेबांनी दोन दिवस त्यांना बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आत घेतलं, तर भाऊजींनी खिशातून कांड्या काढून टेबलाच्या काचेवर मांडल्या. साहेब म्हणाले, फॉर्मात रकाना एकच आहे. भाऊजींनी पट्टी घेऊन तिथंच दोन रेघा मारल्या. शेवटच्या रकान्यात लिहिलं : गावाचा वाटा, अधिक तीन. कारण : पाळी. साहेब आधी चिडले, मग हसले आणि हुकूम मागे घेतला. शेड राहिली.

दशक संपता संपता भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी नोकरीला लांब, ताई एकटी. तिनं कोणाला कळवलंही नव्हतं. पण चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं केनवडचा एक माणूस आला, भाऊजींच्या खाटेशी बसला, त्यांचा हात चोळला, संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. नऊ घरं, नऊ दिवस, पुन्हा पहिल्यापासून. ताई संकोचली, तर आपल्या दिवशी आलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "तुमी भाकरी टाका बाई, आमाले आमचं काम करू द्या."

मी सुटीत गेलो तेव्हा भाऊजी काठी टेकत दारापर्यंत चालत होते. त्यांना हसवावं म्हणून मी विचारलं, "भाऊजी, या बरं होण्याचे वाटे किती?" ते डाव्या हाताचं एकेक बोट दुमडत मोजू लागले. "औषधाचा एक. वयाचा एक, तो वजा..." ओट्यावर त्या दिवशीच्या पाळीचा माणूस ताईच्या डाळीतले खडे निवडत बसला होता. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. तिसरं बोट त्यांनी दुमडलंच नाही, तसंच उघडं ठेवलं.