मांजरेतली उलांडी

घरजावयाचं जिणं कसं असतं ते घरजावयालाच ठाऊक. त्यातून सासुरवाडी नदीच्या मधोमध असली तर मग विचारूच नका! राघोबा अशा ठिकाणी जावई म्हणून गेला होता, की रुसून निघून जायचं म्हटलं तरी आधी दसऱ्याची वाट बघावी लागायची.

मांजरा नदी जिथं वळसा घेते आणि मैलभर उलटी, मावळतीकडं वाहते, तिथं तिच्या पात्रात ही गड्डी होती. गड्डी म्हणजे बेट. अकरा घरं, एक मारुती, चार चिंचा आणि जोंधळ्याची काळीभोर जमीन. उन्हाळ्यात बायका घोटाभर पाण्यातून पलीकडच्या बाजाराला जात. पण आषाढात एकदा का पाणी लागलं, की गड्डीला कुलूप. पट्टीचा पोहणारा गडी वाळलेले भोपळे पोटाशी बांधून पार व्हायचा. बाकी बायका, लेकरं, म्हातारे सगळे आत. चार महिने तीच अकरा घरं, तीच तोंडं आणि तीच भांडणं. निजामाचे अंमलदारसुद्धा पावसाळ्यात तिकडं फिरकत नसत आणि गड्डीकरांना त्याचं भारी सुख वाटायचं.

राघोबाला कसलं सुख? तो आळंदचा, बाजारपेठेच्या गलबल्यात वाढलेला. तरुणपणी दुष्काळात तो लाकडाच्या ठेकेदाराबरोबर कोकणात गेला आणि मालवणकडच्या किनाऱ्यावर दोन वर्षं ओंडके ओढत राहिला. परत आला तेव्हा बाप वारला होता आणि घरात खायला नव्हतं. थोरला भाऊ अंकुशराव यानं गड्डीच्या अण्णारावांची एकुलती एक लेक राजूबाई बघितली आणि लग्न लावून दिलं. राजूबाई सोन्यासारखी होती, त्याबद्दल राघोबाची तक्रार नव्हती. पण श्रावणात चारी बाजूंनी गढूळ पाणी दिसायला लागलं की त्याचा जीव कोंडायचा. काठाकाठानं चकरा मारायचा, बोलायचा नाही, जेवायचा नाही.

निजामी फसली सन तेराशे बेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेहतीसच्या, संक्रांतीला अंकुशरावाचा निरोप आला. तुरीची अडत वाढली होती. घरचं माणूस हवं होतं. पुढल्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत जागा धरून ठेवतो, ये.

राघोबानं त्याच दिवशी गाठोडं काढलं. राजूबाईनं ते परत कोनाड्यात ठेवलं.

"मी न्हाई म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पन बा गड्डी सोडायचा न्हाई. पावसाळ्यात त्याला काई झालं, तर मी पलीकडल्या काठावर हुबी ऱ्हाऊन बघत बसू व्हय? बारा म्हैने येता-जाता येईल असं करा, उद्या म्हनलात तर उद्या निघते."

आता यात बाईचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणून तर राघोबाला पळून जाता येईना.

नदी उतरायचं हरगोल, म्हणजे चामडं मढवलेलं गोल टोपलं, त्या वळणावर चालत नसे, भोवऱ्यासारखं फिरत खडकावर जायचं. मग राघोबाला कोकणातली उलांडी आठवली. अरुंद होडी, तिला एका अंगानं दोन आडव्या काठ्या आणि त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा हलका ओंडका. होडी कलंडायला लागली की तो ओंडका तिला सावरतो. शीड लावलं तरी ती पालथी होत नाही. राघोबानं हिशेब मांडला. इथं पाणी मावळतीकडं ओढतं आणि आषाढातला वारा मावळतीकडूनच येतो. पाणी खाली ओढणार, वारा वर ढकलणार, आणि दोघांच्या भांडणात आपण पलीकडं!

वादळात पडलेला आंबा त्यानं सासऱ्याकडून मागून घेतला. विस्तव घालून, वाकसानं तासून खोड पोखरलं. ओंडका पांगाऱ्याचा, डोलकाठी वेळूची. राजूबाईनं दोन जुन्या पासोड्या जोडून शीड शिवलं, त्याला जवसाचं तेल पाजलं. येणारा-जाणारा विचारायचा, "जावईबापू, गड्डीला समिंदर कवा यायलाय?" राघोबा मान वर करत नसे.

आडव्या काठ्या जोडायला पलीकडच्या गावचा मल्लप्पा सुतार आला. मल्लप्पाचा हात बैलगाडीवर बसलेला. त्यानं काठ्या ओंडक्यात घालून बाभळीच्या खुंट्या अशा जाम ठोकल्या, की हत्ती आला तरी हलू नये. हलू नये, हीच तर चूक. आषाढात होडी पाण्यात लोटली, मधल्या धारेत पहिली लाट आली आणि काठ्या काडकन मोडल्या. ओंडका एकीकडं, होडी एकीकडं, राघोबा नाकातोंडात पाणी जाऊन खालच्या वळणाला चिंचेच्या मुळ्या धरून लोंबकळत. होडीला मागून काठाशी दोर बांधला होता, म्हणून ती तेवढी वाचली. गड्डी आठ दिवस हसली.

मग राघोबाला आठवलं. कोकणातल्या खलाशांनी खुंटी कधी मारलीच नव्हती, ते नुसतं बांधत.

"दोरीनं?" भोपळे बांधून पोहत आलेला मल्लप्पा चिडला. "जावईबापू, हा काय कडब्याचा भारा हाय?"

"भारा न्हाई मल्लप्पा, पन त्याला जरा हलू दिलं पायजे. अडून बसलं की मोडतंय."

अंबाडीचा दोर वळून, भिजवून, त्यानं सगळे जोड नुसते आवळून बांधले. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी शिडात वारा भरला, ओंडका लाटेबरोबर वर-खाली झाला, दोर करकरला आणि होडी सरळ पलीकडं लागली. राघोबानं काठावरच्या चिखलात डोकं टेकलं. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

मग काय, साऱ्या गड्डीला पाय फुटले! तेल आलं, मीठ आलं, कधी नव्हे ते पोळ्याला माहेरवाशिणी आल्या. शेजारची लिंगम्मा बाळंतपणात दोन दिवस अडली होती, तिला राघोबानं पलीकडं सुईणीकडं नेलं आणि पंधरा दिवसांनी लेकरासकट परत आणलं. आडवं कुणी बोलेना. राघोबा खूश होता. फाल्गुनात रास झाली की पाडव्याला आळंद. होडी मल्लप्पाच्या दारात ठेवायची आणि बाचं काही कळलं की यायचं, असं राजूबाईशी ठरलं होतं.

फाल्गुनात खळी लागली. लिंगम्माच्या सासऱ्यानं राघोबाला खळ्यावर बोलावलं, सूप भरून जोंधळे उचलले आणि म्हणाला, "जावईबापू, उपरणं पसरा."

राशीवरच्या दाण्याला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की लक्ष्मी पाठ फिरवते, हे आळंदच्या पोरालाही ठाऊक. राघोबानं उपरणं पसरलं. दुसऱ्या दिवशी दुसरं खळं, मग तिसरं. दहाही घरांनी घातलं. त्याला वाटलं, हा मान आहे. इतकी वर्षं हसणाऱ्यांनी आता सूप भरून मान दिला म्हणून त्याचा ऊर भरून आला. अरे, पण आपण कुठं उभे आहोत ते तरी बघावं की नाही? त्याच्या उजवीकडं लोहार, डावीकडं न्हावी, आणि पलीकडं उपरणं पसरून मल्लप्पा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडीत भांडी भरताना गड्डीकर दारात आले.

"जावईबापू, कुटं निघालाव?"

"आळंदला. कायमचं."

"आन् आमची होडी कोन चालवनार?"

"तुमची?" राघोबा हसला.

"रास घेतलीत न्हवं का तुमी?" लिंगम्माचा सासरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "बलुतं घेतलं. आता गड्डीची होडी तुमच्या घरान्याकडं."

राघोबानं घरातून जोंधळ्याचं पोतं ओढून आणलं. धान्य परत देतो म्हणाला, तर दिलेली रास परत घेऊन आमचं वाटोळं करून घेऊ व्हय, म्हणाले. दुसऱ्या कुणाला शिकवतो म्हणाला, तर सगळ्यांनी कानाला हात लावले. "तुमच्या पोटावर आमी कामून पाय देऊ?" शिकायला तयार होईल असा एक माणूस त्या अकरा घरांत नव्हता, आणि त्यामागं सगळा राघोबाच्या भल्याचाच विचार!

तो सासऱ्याकडं वळला. "तुमाला ठावं व्हतं?"

अण्णाराव खाली बघत होते. "व्हय," ते म्हणाले. "बोलनार व्हतो. लेक जाईल म्हनून गप बसलो."

राघोबानं त्यांच्यावर हात उगारला नाही एवढंच. गाडी दारात होती, बैल जुंपलेले होते, कुणी त्याला बांधून घातलं नव्हतं. पण रास खाऊन पळालेल्याच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही, आणि ते घर मागं राहिलेल्या म्हाताऱ्याचं होतं. राजूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि एकेक भांडं उतरवायला घेतलं. अंकुशरावानं महिन्याभरात मेव्हण्याला दुकानात घेतलं.

"जावईबापू," मल्लप्पा राघोबाला नंतर म्हणाला, "मी बी सोलापूरच्या गिरनीत जानार व्हतो. बानं एकदा उपरनं पसरलं."

पुढच्या श्रावणात राजूबाईला मुलगा झाला. बारशाला साऱ्या गड्डीनं अंगडी-टोपडी आणली, आणि राघोबानं पलीकडून आणलेला मल्लप्पा फडक्यात काहीतरी गुंडाळून बसला होता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, नाव ठेवून झालं, तेव्हा त्यानं फडकं सोडलं. आत शिसवी लाकडाचं, वीतभर लांबीचं वल्हं होतं. घासून घासून असं गुळगुळीत केलं होतं, की बायकांनी ते हातोहात फिरवलं. मल्लप्पानं आयुष्यात इतकं देखणं काही केलं नव्हतं.

कुणीतरी ते पाळण्यात बाळाच्या हाताशी ठेवलं. बाळानं मूठ मिटली.

"धरलं बगा! हक्कदार आला!" सगळे हसले, अण्णाराव तर डोळे पुसत हसले.

राघोबा पुढं झाला, पाळण्यात वाकला आणि बाळाची बोटं एकेक करून सोडवायला लागला. बाळ रडायला लागलं.

"अवं, ऱ्हाऊ द्या की," लिंगम्मा त्याला रागावली. "त्याचंच हाय ते."