बटणाचा निळा रंग

सास्तूरच्या कल्याणप्पांची मुलगी शिवप्रिया हैदराबादला एका भल्या मोठ्या कंपनीत लागली, तेव्हा त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात सोयाबीनची पिशवी न्यायला आलेल्याला आधी कंपनीचं नाव ऐकावं लागे, मग पिशवी मिळे.

मुलाखतीच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या. एकीत तिला विचारलं होतं, विमानात किती लिंबं मावतील? लिंबं विमानात कुणाला भरायची होती, ते कुणी सांगितलं नाही. तिनं फळ्यावर गणित मांडलं आणि ‘आता तू आमच्या कुटुंबातली’ असं कंपनीनं कळवलं.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा कल्याणप्पांनी विचारलं, “पर तू तिथं बनवतीस काय?”

तिनं मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडून एक बटण दाखवलं. त्यांनी ते दाबून पाहिलं.

“हे बटण तुझं व्हय?”

“बटण दुसऱ्या टीमचं, अप्पा. रंग आमचा.”

रंग निळा होता. तो अजून जरा निळा करावा का, यावर वर्षभर बैठका झाल्या. शेवटी आहे तोच ठेवायचं ठरलं, तेव्हा केक कापला गेला.

“म्हंजी रंगाऱ्याचं काम,” आई शांताक्का भाकरी थापता थापता म्हणाली. कल्याणप्पांनी दुकानात मात्र ‘पोरगी संशोधन करती’ असंच सांगितलं.

पुढं शिवप्रिया स्वतःच मुलाखती घेऊ लागली. तामलवाडीचा योगीराज समोर आला तेव्हा घाबरून त्याला स्वतःच्या कॉलेजचं नाव आठवेना. तिनं त्याला पाणी प्यायला लावलं, लिंबांचा प्रश्न गाळला आणि त्याला घेतलं.

मग एका सोमवारी, बैठक चालू असतानाच, तिच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला. मोबाइलवर मेल आला: कुटुंबाच्या भल्यासाठी जड अंतःकरणानं तुम्हाला निरोप देत आहोत. तिनं साहेबांना फोन लावला. त्यांचाही पडदा काळा झाला होता.

सास्तूरला परतल्यावर पहिले काही दिवस ती सकाळी वेणीफणी करून टेबलापाशी बसायची. बैठक नाही हे आठवलं की उठून मागच्या खोलीत जायची आणि बियाण्यांच्या पोत्यांवर बसून रडायची. शांताक्का तिथं चहा ठेवून निघून जायची.

काही महिन्यांनी कंपनीनं तीच जागा भरायला काढली. शिवप्रियानं अर्ज केला. पुन्हा पाच फेऱ्या. शेवटच्या फेरीत पडद्यावर योगीराज होता. ओळख दाखवायची नाही, असा नियम होता. मान खाली घालून त्यानं विचारलं, “आमच्या कंपनीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“बरीच,” ती म्हणाली.

नकार आला. संध्याकाळी योगीराजचा फोन आला.

“ताई, म्या होच म्हणलं होतं. समिती नको म्हणाली.”

“कारण?”

“समितीचं म्हणणं, ही उमेदवार कंपनीत फार दिवस टिकंल असं वाटत न्हाय.”

शिवप्रिया इतकी हसली की तिला ठसका लागला. कल्याणप्पा दुकानातून धावत आले.

नंतर ती कळंबला एका लहानशा कंपनीत लागली. बाजारातल्या अडत्यांच्या काट्यांचं सॉफ्टवेअर तिथं बनतं. मालकानं मुलाखतीत एकच विचारलं, “उद्यापासून जमतंय का?” पहिल्याच आठवड्यात काटा चुकला म्हणून एक अडत्या तिच्या टेबलापाशी येऊन तासभर भांडला. आपल्या कामानं कुणाला तरी फरक पडतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

वर्षानं मोठ्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. तुमच्यासारखीच माणसं आम्हाला हवी आहेत, मुलाखतीला याल का?

“काढायचं झालं तर तोंडानं सांगाल, का मेल पाठवाल?” शिवप्रियानं विचारलं.

“मॅडम, मलाच लागून पंधरवडा झालाय,” ती मुलगी हळूच म्हणाली.

शिवप्रियानं तिला शुभेच्छा दिल्या आणि नकार कळवला.

कल्याणप्पांना आधी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात सांगून टाकलं, कंपनी हात जोडत होती, पोरीनं न्हाय म्हणलं. नोकरी होती तेव्हा नुसती मान हलवणारी माणसं हे ऐकून बाकड्यावर टेकली, आणि कल्याणप्पांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.