मिस्तरींचं माप

गल्लीतले सगळे त्यांना मिस्तरी म्हणत, बायकोसुद्धा. दार असो, खिडकी असो, कपाट असो, मिस्तरींनी एकदा पट्टी लावली की विषय संपला. मुलीने आईवडिलांना मोठ्या जहाजातून समुद्रसफरीला पाठवायचं ठरवलं तेव्हा आईच्या चाकाच्या खुर्चीचं माप घ्यायलाही तेच पुढे सरसावले. आजारपणात बायकोचे पाय गेले, तेव्हापासून खुर्ची ढकलायचा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. तिला मात्र त्याचा कंटाळा आला होता. या सफरीत एकदा तरी कुणाच्या मदतीशिवाय आंघोळ करायची, एवढंच तिचं मागणं होतं.

जहाजावर अपंगांसाठी वेगळ्या खोल्या असतात, असं मुलीने सांगून पाहिलं. ती दवाखान्यातली खोली असणार, म्हणून मिस्तरींनी उडवून लावलं. फोन करून साध्या खोलीच्या दाराची रुंदी विचारली आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते, असं छाती फुगवून जाहीर केलं.

जहाजावर खोलीच्या दाराशी बायकोने त्यांना बाजूला केलं आणि चाकं स्वतः फिरवली. चौकटीला घासून तिच्या बोटांची सालटं निघाली. मिस्तरी पार ओशाळले. ते नेहमी मागून ढकलायचे; चाकांवर हातही असतात, हे त्यांच्या मापात आलंच नव्हतं. आत तर खुर्ची वळायला जागा नव्हती आणि बाथरूमला चांगला उंच उंबरा.

"खुर्चीचं माप घेतलंत," ती म्हणाली, "माझं कुठे घेतलंत?" आणि त्यांचा चेहरा बघून तिलाच हसू फुटलं.

खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी ते ऐकलं. कुणाचं तरी येणं ऐनवेळी रद्द झालं होतं, म्हणून एक अपंगांसाठीची खोली रिकामी होती. त्यांनी ती लगेच उघडून दिली.

ऐसपैस दार बटण दाबताच आपसूक उघडलं. उंबरा कुठेच नाही, अगदी बाल्कनीलाही नाही. पलंगाभोवती खुर्ची गरकन फिरेल एवढी मोकळी जागा, कपडे टांगायचा दांडा बसल्या जागी हाताला येईल असा. बेसिनखाली गुडघे सहज जात होते, शॉवरखाली भिंतीला घडीचं आसन होतं आणि जिथे तोल जाईल तिथे धरायला कठडा. मिस्तरींनी एकेक सांधा हलवून पाहिला. खोड काढता येईना म्हणून थोडे हिरमुसलेही.

बायकोने आत जाऊन बाथरूमचं दार लावून घेतलं. मिस्तरी बाहेर येरझाऱ्या घालत होते. साबण सापडला का, पाणी गरम आहे का, सगळं विचारून झालं. उत्तर म्हणून आतून गाणं ऐकू आलं. आजारपणानंतर ती गायलीच नव्हती. मिस्तरी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी डोळे पुसले. इतका आनंद त्यांना कुठल्याच कामाने दिला नव्हता.

ओल्या केसांनी, ठेवणीतले कपडे घालून ती बाहेर आली आणि तडक डेकवर जायला निघाली. सवयीने मिस्तरींचे हात खुर्चीच्या मुठींकडे गेले. त्यांनी ते मागे घेतले.

"मी आलो तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"या की. पण शेजारून चाला. इतकी वर्षं मागेच असता, फिरायला निघालं की तुमचं तोंडच दिसत नाही मला."