कोलामबाईनं रंगवलेली पंगत

राळेगावजवळच्या खेड्यातून निघालो तेव्हाच ठरवलं होतं, ते चित्र मला आवडणार नाही. आमच्या गावच्या भिंती जन्मभर मीच रंगवल्या. शाळा दुसरीपर्यंत, पण असा हात तालुक्यात नाही. अन् आता सरपंच म्हणतो, "काका, झरीकडं कोलाम आदिवासींच्या एका पोडावर जंगूबाई नावाच्या बाईनं शाळेची भिंत रंगवली. पाहून या. चांगली वाटली तर आपल्या सभागृहाची भिंत तिले, नाही तर तुमालेच."

पांढरकवड्याला गाडी बदलली. आलूबोंडा खाताना तर्री धोतरावर सांडली. पुढच्या गाडीत सागवानाचं जंगल पाहत बसलो. शेजारच्या कोलाम म्हाताऱ्याला चित्राचं विचारलं.

"त्यात मी बी हावो ना!" तो छाती काढून म्हणाला.

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझ्या चित्रात आपण आहोत, असं आमच्या गावात कोणी सांगत फिरत नाही.

शाळेच्या भिंतीवर पंगत बसली होती. पाटील, कोलाम, बौद्ध, बंजारा, मुसलमान, सारे एका रांगेत. पागोटं, टोपी, लुगड्याची नेसण यावरून ओळखू येत होते. अंगाचा रंग मात्र सगळ्यांचा एकच, ओल्या मातीसारखा.

जंगूबाई शाळेतली खिचडी शिजवते. ती चुलीपाशीच होती.

"बाई, चुकलं तुहं," मी म्हणालो. "मी दोन डबे कालवतो. मालकाले गोरा, मजुराले काळा. पाहणाऱ्याले समजलं पाहिजे."

"बाबाजी, तुमी मालक का मजूर?"

"मालक! घरचं वावर हाय."

"मंग तुमाले कोन्त्या डब्यातून काढू?"

बाया फिदीफिदी हसल्या. मी माझ्या हाताकडे पाहिलं. तव्याच्या बुडासारखा, जन्माचाच. राग आला, हात पाठीमागे घेतला.

तिनं खिचडी वाढली. मी चित्राकडे पाठ करून जेवलो. भिंतीला टेकून बसलो म्हणजे पंगतीतच बसलो, हे उठताना कळलं.

परतताना खिडकीशी बसून चुका शोधल्या. रेषा वाकडी. एका बाईला बोटं सहा. पण एकच रंग कालवायचा, एवढं मला काहून नाही सुचलं? तिला सुचलं, हे काही केल्या पोटात जिरेना. अजूनही जिरलं नाही.

स्टँडवर सरपंच उभाच. "काय मंग काका, कसं हाय?"

'भंगार' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"बोलाव तिले," म्हणालो. "पण आपल्या गावची मानसं तिले काय माहीत? मी बाजूले बसन, एकेक तोंड सांगन. माहं सोडून. माहं मीच काढन."