रिकामी किटली

गोळ्या घेऊनही आईचं प्रेशर खाली येईना, तेव्हा तिसगावच्या डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं.

"मंग दिवसभर काय झोपून ऱ्हाते का मी?" आई म्हणाली.

डॉक्टर चिडले नाहीत. मी असते तर चिडले असते. वाकून खुरपणं वेगळं, सलग चालणं वेगळं, असं ते समजावत राहिले. चालताना रक्त जोरात वाहतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातूनच त्यांना सैल करणारं द्रव्य सुटतं, त्या रुंदावतात आणि दाब उतरतो. रोज चाललं तर त्या लवचीक राहतात. गोळी मात्र सोडायची नाही.

"म्हंजी माझी ठिबकची नळी कडक झालीय," आईनं बाहेर आल्यावर मला सांगितलं.

ती भ्यायची लकव्याला. तिची थोरली बहीण प्रेशरपायीच अंथरुणाला खिळली होती आणि आईनंच तिला शेवटपर्यंत घास भरवले होते. "मला कुनाच्या हातानं जेवायचं न्हाई," एवढंच ती म्हणायची.

तरी चालायला जाईना. आमच्या वस्तीवर बाई हात हलवत निघाली की चारचौघी विचारतात, कुठं निघालीस? त्यावर 'व्यायामाला' हे उत्तर आईच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मी नगरहून फोनवर रोज भांडायची. एक दिवस ती म्हणाली, "जाते बाई आता." मला थाप वाटली.

म्हणून एका रविवारी न सांगता सकाळीच पोचले. आई दुधाची किटली घेऊन डेअरीच्या रस्त्यानं झपाझप चालली होती. गाय तर दिवाळीतच विकलेली. आता ही दुसऱ्यांचं दूध वाहते की काय! रागानं मी किटली हिसकावली, तर ती हलकी फुल.

"रिकामी हाय," आई हळूच म्हणाली. "हातात किटली असली म्हंजी कुनी काय इचारीत न्हाई."

मला हसू आवरेना. तिच्यावर इतकी माया दाटून आली की डोळेच भरले. "हसती काय, चल. मधी थांबायचं नसतं," म्हणत ती पुढं निघालीसुद्धा. तिला गाठताना माझीच दमछाक झाली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दोनदा पट्टा बांधून पाहिला. प्रेशर खरंच उतरलं होतं. घरी आल्यावर आईनं ताटात भाकरी कुस्करली, वर कालवण ओतलं आणि पहिला घास माझ्यापुढं धरला. पन्नाशीची मी, मुकाट्यानं तोंड उघडलं.