पाणपोईवरचं ओगराळं

नीलम्मांचं अक्षर मोत्यासारखं आणि तोंड फटकळ. जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली, पण कुठल्या साहेबाची त्यांना उगाच बोल लावायची छाती झाली नाही. निवृत्तीनंतर बायका गुडघे चोळत बसतात आणि सुनेच्या कागाळ्या करतात. नीलम्मांना गुडघे होते, सून नव्हती. नवरा ईश्वरप्पा तर निवृत्तीच्या आदल्याच वर्षी गेले. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बाहेर जाऊन माणसांशी भांडावं, असा विचार करून त्यांनी दोन कामं अंगावर घेतली. उन्हाळ्यात पाणपोई आणि बारा महिने फळा.

सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या धाकट्या दिराचं, गुरुसिद्धप्पांचं, पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीवर दोन रांजण, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण, आणि भिंतीवर ‘लिंगैक्य ईश्वरप्पा यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी. शेजारी फळा. नीलम्मा रोज सकाळी त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि त्या कुठून उतरवून आणलेल्या नसत, स्वतःच्या डोक्यातल्या असत. एकदा लिहिलं, ‘कावळा घरटं बांधताना आळी कुणाची ते बघत नाही, फांदी बघतो.’ जानेवारीत लिहिलं, ‘गड्ड्याच्या जत्रेत पाळणा वर गेला की सगळ्या धर्मांची माणसं आपापल्या देवाला एकदमच हाक मारतात.’ लोक पाणी पिता पिता वाचायचे, कुणी हसायचं, कुणी फोटो काढायचं. नीलम्मांना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, त्यांनी लिहिलं, ‘पाण्याला जात नसते.’ लिहून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन स्वतःच वाचलं आणि खूश झाल्या.

दहाच्या सुमाराला केराबाई आली. रस्ता झाडायचं काम ठेकेदाराकडून तिच्याकडे होतं. माहेर मोडनिंबकडचं, लग्न होऊन सोलापुरात आलेली, वय पन्नाशीच्या आसपास. दोन उन्हाळे ती इथं रोज पाणी प्यायची. झाडू भिंतीला टेकवायची, पायरीच्या खाली उभी राहून ओंजळ करायची आणि नीलम्मा लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून पाण्याची धार सोडायच्या. त्या दिवशी तिनं ओंजळ केली नाही. ती फळ्याकडे बघत उभी राहिली. केराबाई सातवी पास होती, हे नीलम्मांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“अक्का,” केराबाई म्हणाली, “पान्याला जात न्हाय, खरं हाय. पन तुमच्या वगराळ्याला हाय की.”

नीलम्मांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काय म्हणालीस? अगं, सगळ्यांना याच ओगराळ्यानं पाजते मी. स्वच्छतेसाठी आहे ते. शंभर जणांचे हात रांजणात बुडाले तर काय होईल, कळतं का तुला? उन्हातान्हात मी फुकट पाणी देते आणि वर ऐकून घेऊ होय?”

“व्हय,” केराबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “फुकटच देताव.” तिनं झाडू उचलला आणि पाणी न पिताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या कचऱ्याच्या गाडीला एक प्लास्टिकची बाटली लटकत होती. पायरीपुढचा रस्ता तिनं नेहमीसारखा लख्ख झाडला आणि मान वर न करता पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी घरून भरून आणलेलं पाणी दुपारपर्यंत उकळायला लागतं, हे नीलम्मांना कळत होतं. पंधरा पावलांवर गार पाण्याचे दोन रांजण भरलेले असताना एक बाई डांबरावर उभी राहून गरम पाणी पीत होती, आणि ते नीलम्मांच्यानं बघवेना.

आता एखादी असती तर म्हणाली असती, नको तर नको, माझं काय अडलंय. नीलम्मांनीही दोन दिवस तसंच म्हणून पाहिलं. पण कचेरीत आयुष्य गेलेल्या बाई त्या. कुणी तक्रार केली की आधी तक्रारदाराला झापायचं आणि मग गुपचूप जागेवर जाऊन मोजणी करायची, ही त्यांची जुनी रीत. चौथ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या मागच्या बाजूला खडूनं दोन रकाने आखले. एक ओगराळ्याचा, एक ग्लासचा. कारण रांजणावर एक स्टीलचा ग्लासही होता, हे त्यांना केराबाईला झापताना आठवलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ग्लासच्या रकान्यात एकोणीस रेघा पडल्या आणि ओगराळ्याच्या रकान्यात सत्तेचाळीस. रेघांचं काही नाही, पण मग त्या एकेका रेघेचं माणूस आठवू लागल्या. बँकेतला इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला, नीलम्मांचा हात आपोआप ग्लासकडे गेला. कॉलेजातल्या पोरी आल्या, ग्लास. हमाल आला, ओगराळं. भंगार गोळा करणारी आली, ओगराळं. गुरुसिद्धप्पांच्या दुकानात वीस वर्षं मोटारी दुरुस्त करणारे टोपीवाले चाचा आले, ज्यांच्या घरचा शीरखुर्मा दर ईदला नीलम्मांच्या घरी येतो आणि नीलम्मा तो मोलकरणीला देऊन टाकतात, त्यांनाही ओगराळं. आणि चाचांनी कसलीही कुरकुर न करता ओंजळ पुढे केली होती. कुणी शिकवलं होतं हे त्यांना? आणि नीलम्मांना तरी कुणी शिकवलं होतं? आईनं हाताला धरून असं कधीच शिकवलं नव्हतं. आई दारी आलेल्यांना कसं पाणी पाजते, ते त्यांनी फक्त पाहिलं होतं. आता हात विचारल्याशिवायच माणूस ओळखत होता. नीलम्मांना स्वतःच्या हाताची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवंड्याला बोलावून दोन्ही रांजणांना खाली तोट्या बसवून घेतल्या. चार ग्लास साखळीनं बांधले. ओगराळं घरी नेऊन माळ्यावर टाकलं. ज्याला तहान लागेल त्यानं तोटी सोडावी, ग्लास विसळावा, प्यावं. स्वच्छतेचा प्रश्न मिटला, आणि नीलम्मांना कळून चुकलं की तो प्रश्न कधी नव्हताच, ते पांघरूण होतं.

गुरुसिद्धप्पा तसे भिडस्त गृहस्थ. वहिनीपुढे, त्यांच्या कानडीतल्या अत्तिगेपुढे, त्यांची बोबडी वळायची. तरी दोन दिवसांनी दुपारी त्यांनी धीर करून विषय काढला.

“अत्तिगे, ते ग्लासचं तेवढं बघा. तेच ग्लास सगळे वापरायलेत. आपले पाहुणे, गिऱ्हाईकं इथं पानी पितात. काल कुंभारीचे पाहुणे आले ते बघून न पिताच गेले. मला फोन करून बोलले की.”

“काय बोलले?”

“हेच की... कोन कोन पितंय म्हणून.”

“गुरुसिद्धप्पा,” नीलम्मा म्हणाल्या, “गळ्यात लिंग आहे ना तुमच्या? आठशे वर्षांपूर्वी आपण लिंगायतांनी जात मोडली म्हणून दरवर्षी मंडपात भाषण कोण करतं?”

गुरुसिद्धप्पांनी छातीशी हात नेला आणि परत खाली घेतला. “भाषन वेगळं, अत्तिगे. मला दुकान चालवायचंय. पायरी माझी हाय. पहिल्यासारखं ठेवा, न्हायतर...”

“नाहीतर उचला, असंच ना? उचलते.”

“तसं न्हाय म्हनत मी.”

“तसंच म्हणताय. आणि राग नाही मला. परवापर्यंत मीही तुमच्यासारखीच होते, फक्त मला फळा लिहायचीही खोड होती.”

रस्त्याच्या पलीकडे एक कडुलिंब आहे. त्याच्या बुडाशी दगडी पार नाही, काही नाही, नुसती माती आणि निंबोळ्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका हातगाडीवाल्याला धरून नीलम्मांनी रांजण, फळा आणि पाटी पलीकडे हलवली. पाटी झाडाला ठोकायला हातगाडीवाल्यानं खिळा काढला तशा त्या त्याच्यावर खेकसल्या. जिवंत झाडाला खिळा ठोकतात का? मग पाटी सुतळीनं बांधली. ईश्वरप्पांचं नाव जरा तिरकं झालं. हयातीत ते बायकोच्या सांगण्याप्रमाणे कुठंही बसत, तेव्हा याबद्दल त्यांची तक्रार नसावी.

पलीकडे गेल्यावर हाल सुरू झाले. दुकानामागच्या बोळात नीलम्मांचं घर. तिथून पायरीपर्यंत पाणी आणणं सोपं होतं. आता सात रस्त्याची सगळी वाहनं अंगावर घेत रस्ता ओलांडायचा. नळाला पाणी चार दिवसांआड, ते साठवायचं, गाळायचं, कळशीनं वाहायचं. सहासष्टाव्या वर्षी दिवसाला चौदा खेपा. गुडघ्यांनी बंड पुकारलं, त्याला त्यांनी तेल लावून गप्प बसवलं. जुने लोक कमी झाले, इस्त्रीचे शर्ट तर जवळजवळ दिसेनासेच झाले. रिक्षावाले, भाजीवाल्या, बांधकामावरच्या बायका वाढल्या. चाचा पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून आले. ग्लास हातात घेऊन क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, प्यायले, आणि “थंडा है, भाभी,” एवढंच म्हणून गेले. त्या रात्रीचं जेवण नीलम्मांना गोड लागलं.

पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती येईना. केराबाई आता याही बाजूचा रस्ता झाडायची. निंबोळ्यांचा सडा गोळा करायची, रांजणांच्या भोवती झाडू फिरवायची आणि गाडीची बाटली तोंडाच्या वर धरून पाणी प्यायची. नीलम्मा बघत राहायच्या. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? ये, बघ मी किती सुधारले, असं म्हणायचं?

शेवटी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘माझं चुकलं.’ खाली सही केली. दिवसभर लोक विचारत राहिले, काय चुकलं, कुणाचं चुकलं. “जिला कळायचं तिला कळेल,” नीलम्मा म्हणत राहिल्या. केराबाईनं येऊन वाचलं आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी केराबाई थांबली. दुपारचा एक वाजलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नीलम्मा झाडाखालच्या स्टुलावर बसल्या होत्या.

“फळ्यावर लिवलाव, अक्का,” केराबाई म्हणाली. “समद्या सोलापूरला सांगितलाव. मला कुटं सांगितलाव?”

एकतीस वर्षांत त्यांनी हजारो कागद लिहिले होते, पण हे दोन शब्द समोरच्या माणसाच्या तोंडावर कधी म्हटले नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही.

“माझं चुकलं, केराबाई,” त्या म्हणाल्या. “तू बोललीस ते खरं होतं. मी मोजून बघितलं.”

“मोजायला कशाला लागतंय,” केराबाई म्हणाली. “आमाला न मोजताच कळतंय.” ती झाडूवर भार देऊन उभी राहिली. मग म्हणाली, “तुमी पानी देताव, चांगलं हाय. देनाऱ्याचा हात वरच ऱ्हातोय, तोटी लावा न्हायतर काय बी लावा. आमच्या हातचं कदी प्यालाव का?”

तिनं गाडीची बाटली सोडून पुढे धरली. बाटलीचं लेबल निघालेलं होतं, झाकणाला दोरा बांधलेला होता.

नीलम्मांनी बाटली घेतली, झाकण काढलं, मान मागे टाकली आणि लहानपणापासून पीत आल्या होत्या तशी बाटली ओठांपासून वीतभर वर धरली. तोंड न लावता, उष्टं न करता, सगळे पितात तशी. पाणी पडायच्या आत त्यांना केराबाईचे डोळे दिसले. तिनं अपेक्षाच केली नव्हती दुसऱ्या कशाची. नीलम्मांचा हात तसाच वर राहिला. पुन्हा हातानं विचारलं नव्हतं त्यांना. पण या वेळी त्यांनी हाताची चोरी पकडली होती.

त्यांनी बाटली खाली आणली आणि ओठांना लावली. पाणी चहासारखं गरम होतं, प्लास्टिकचा वास मारत होता. त्या एकेक घोट घेत राहिल्या, निम्मी बाटली संपेपर्यंत.

केराबाईनं बाटली परत घेतली. पदरानं पुसली नाही. तीही तोंड लावून दोन घोट प्यायली, झाकण फिरवलं आणि बाटली गाडीला अडकवली. मग ती रांजणापाशी गेली, वाकली, तोटी सोडली आणि ग्लास विसळून काठोकाठ भरून घेतला.

नीलम्मा सवयीनं स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं, उठून द्यायचं असं आता काही नव्हतं. त्या परत बसल्या.