हजेरीचा कागद

आमच्या तालुक्याच्या गावाला नगरपंचायत मिळाली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद बहुधा मलाच झाला होता. मी आमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली सभा, ठराव, हरकत हे सगळं मला खरं वाटे. शाळेनं मला इतकं दिलं होतं की तिच्या पुस्तकात खोटं काही असेल, असं कधी मनातच आलं नाही.

आई आणि पाड्यावरच्या सहा बायका एसटी स्टँडच्या तोंडाशी भाजी विकत. त्यांना तिथून उठवून गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये बसवायचं, असा विषय सभेत येणार होता. तिकडे गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे उघड होतं. बायका हादरल्या. मी म्हणालो, "सभेत जाऊन हरकत घ्यायची. ती लिहून घ्यावीच लागते."

"म्हसा गावच्या जत्रंत पन आमाला कोन मागं ढकलत नाय," शेजारची काकी म्हणाली. "हितं कसं ढकलतील?"

"जत्रंत तुझ्या तोंडाला भितात गो सगळी," आई म्हणाली, आणि बायका हसल्या.

सभा अकराची होती, सुरू झाली एकला. बायकांना व्हरांड्यात बसवलं. विषय आला की बोलावतो, असं सांगून कारकून चहा घेऊन आला आणि मागोमाग एक कोरा कागद. "हजेरी," तो म्हणाला. "तुमी आल्याची नोंद राहू दे."

काकीने कागद उलटून पाहिला. "याच्यावर कायच लिवलेलं नाय रे."

"हजेरीच आहे काकी, कर सही," मीच म्हणालो. "आपण आलो होतो, याचा पुरावा राहील."

या बायकांना सही करायला मीच शिकवलं होतं, कॉलेजच्या सुट्टीत. अंगठा लावायची त्यांना लाज वाटे. सातही जणींनी कागदाच्या तळाशी, एकेक अक्षर काढत सह्या केल्या. आईने तर नावाखाली रेघही ओढली. बोलावणं आलंच नाही. चार वाजता दार उघडलं आणि नगरसेवक गाड्यांत बसून निघून गेले.

महिन्याभराने ठरावाची प्रत हाती आली. विक्रेत्या महिलांशी चर्चा झाली, जागा बदलण्यास त्यांची संमती आहे, सह्या सोबत जोडल्या आहेत. कोऱ्या जागेत संमतीपत्र टाईप केलेलं होतं. त्याखाली आईची रेघ.

पुढच्या सभेला मी गेलो. पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा. मी उठेपर्यंत ते कायम झालंही. अध्यक्ष माझ्याशी मात्र फार गोड बोलले.

"बसा ना सर. सह्या खोट्या हायेत का?"

"नाहीत. पण कागद कोरा होता."

"कोऱ्यावर सही करा, असं कोनी सांगितलं त्यांना?"

"मी," मी म्हणालो.

सभागृह हसलं. कारकूनही हसला.

आई शेडमध्ये तीन आठवडे बसली. भाजी सुकून परत यायची. आता ती जात नाही. मला कुणीच दोष दिला नाही, काकीनेसुद्धा. परवा रेशनकार्डाबद्दल तहसीलची नोटीस आली. ती वाचून घ्यायला आई काकीच्या सुनेकडे गेली. मी घरातच होतो.